वेफेरर, अ‍ॅव्हिएटर, क्लबमास्टर आणि कप्प्यातला पाचवा गॉगल

गॉगल जमवणाऱ्याच्या हातात नवी फ्रेम दिली की तो ती लगेच डोळ्यांवर चढवत नाही. आधी डावी काडी उघडून आतली बारीक अक्षरं वाचतो. रेबॅनच्या मूळ वेफेररवर तिथे अख्खी कुंडली छापलेली असते : आरबी २१४०, मग ९०१, मग ५० आणि २२ आणि त्यांच्यामध्ये इवलासा चौकोन, शेवटी ३एन. २१४० हे मॉडेल. ९०१ म्हणजे काळी फ्रेम आणि हिरवट करडी काच. ५० ही एका काचेची मिलिमीटरमधली रुंदी, २२ हे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, म्हणजे पूल. ३ हा काचेच्या गडदपणाचा क्रमांक आणि एन म्हणजे साधी काच; पोलराइज्ड, म्हणजे आडवी चमक कापणारी, असेल तर एनच्या जागी पी येतो. या ओळीतला मधला रंगाचा कोड तेवढा बदलला की तोच गॉगल पुन्हा 'नवीन' होतो. छंदाचे बहुतेक पैसे या मधल्या कोडावर जातात. म्हणून या परीक्षणात पाच जुने, नावाजलेले गॉगल संग्रहाच्या नजरेने पाहू : कोणता ठेवण्यासारखा, कोणाचा दुसरा रंग घेऊ नये, आणि पाकीट कुठे मिटावं.

सुरुवात वेफेररपासूनच. १९५२ साली अमेरिकेतल्या बॉश अँड लॉम्ब कंपनीत रेमंड स्टेगमन यांनी याचा आराखडा केला. तोवर रेबॅनचे गाजलेले गॉगल म्हणजे धातूची तार, हा जाड प्लास्टिकचा. आजची फ्रेम अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या जाड पत्र्यातून कापून घासून काढलेली असते, त्यामुळे हातात घेतली की वजन जाणवतं आणि कडा ओतीव प्लास्टिकसारख्या बोथट लागत नाहीत. बिजागरीची धातूची दातं एकमेकांत घट्ट बसलेली असतात. काडी उघडताना शेवटच्या टप्प्यात किंचित अडखळून थांबली पाहिजे. सैल लोंबकळत असेल तर एक तर स्क्रू ढिला आहे किंवा माल खोटा आहे.

मूळ वेफेररची खरी अडचण त्याच्या तिरकेपणात आहे. समोरची पट्टी वरून पुढे झुकलेली आणि खालून गालाकडे ओढलेली असते. भरल्या गालाच्या माणसाने हसलं की काचेची खालची कड गालाला टेकते आणि काच धूसर होते. शिवाय नाकावर वेगळे पॅड नाहीत, अ‍ॅसिटेटलाच तसा आकार दिलेला आहे. ज्यांचं नाक मुळाशी बसकं असतं, त्यांच्या नाकावरून २२चा पूल घाम आला की खाली घसरतो. उपाय स्वस्त आहे. चष्मेवाल्याकडे चिकटवायचे सिलिकॉनचे पारदर्शक पॅड मिळतात, एक ते दोन मिलिमीटर जाडीचे. चिकटवण्याआधी ती जागा साबणपाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची, नाहीतर आठवड्याभरात ते निघून येतात. ५० आणि ५४ यांत निवड करताना आरशापेक्षा आपल्या रोजच्या चष्म्यावर विश्वास ठेवा. त्याच्या काडीवरचा काचेचा आणि पुलाचा आकडा बघा. काचेच्या रुंदीत चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला की गॉगल चेहऱ्यावर उसना दिसतो.

१९९९मध्ये बॉश अँड लॉम्बने रेबॅन इटलीच्या लक्झॉटिकाला विकलं. २००१मध्ये वेफेररची छोटी, कमी तिरकी आवृत्ती आली, तिलाच न्यू वेफेरर किंवा २१३२ म्हणतात. मूळ घाटाचा वेफेरर २००७मध्ये परत आला. संग्रहात दोन्ही हवेत का? २१४० गालाला टेकत असेल तर २१३२ घ्या, टेकत नसेल तर २१४०. दोन्ही ठेवले तर एक कायम डबीतच राहतो.

वेफेररच्या नावाखाली किंवा कुठल्याही ब्रँडमध्ये जी मखमली, रबरासारखी मॅट फ्रेम मिळते, ती मुंबई-कोकण-गोव्याच्या माणसाने घेऊ नये. तो मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेतल्या पाण्याने त्याचे रासायनिक बंध तुटत जातात आणि काही वर्षांत फ्रेम बोटाला चिकटू लागते. कपाटातल्या जुन्या टॉर्चची किंवा रिमोटची मूठ चिकट होते, तसंच. धुतल्याने हे जात नाही. थर पूर्ण खरवडून काढला तर खाली साधं चकचकीत प्लास्टिक निघतं. सेलमध्ये या फ्रेम स्वस्त दिसतात तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्या.

अ‍ॅव्हिएटर हा वेफेररचा मोठा भाऊ, वयानेही : १९३७. वैमानिकांच्या डोळ्यांवर येणारा झगझगाट कमी करण्यासाठी घडवलेला. आजचं मॉडेल ३०२५, काचेची मापं ५५, ५८ आणि ६२. दुकानात ५८ समोर ठेवतात, कारण ते बहुतेकांना चालतं. पण बारीक चेहऱ्याला ५५ आणि रुंद चेहऱ्याला ६२ हाच योग्य आकडा. अ‍ॅव्हिएटर मोठाच घालायचा असतो, हा समज पोस्टरवरून आलाय.

हा गॉगल लगेच वाकतो, पण सरळही होतो, म्हणून संग्रहात टिकतो. टेबलावर काड्या उघडून उलटा ठेवा. काचांच्या वरच्या कडा आणि दोन्ही काड्या टेबलाला टेकल्या पाहिजेत. एक काडी हवेत राहिली तर फ्रेम पिळली आहे. चष्मेवाला ती पाच मिनिटांत बसवतो, मात्र पक्कडीच्या जबड्यांना नायलॉन लावलेलं आहे ना, ते आधी बघा. उघड्या लोखंडी पक्कडीने सोनेरी मुलामा खरचटला की तिथून घाम आत शिरतो. अ‍ॅव्हिएटरची दुखरी जागा म्हणजे नाकाच्या पॅडची बारीक तार. तिथे घाम, क्रीम आणि धूळ यांचा हिरवा लगदा साठतो. तो तांब्याच्या मिश्रधातूचा गंज. पॅड काढून, लहान मुलांच्या मऊ ब्रशने आणि भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने साफ करायचा. पिवळे पडलेले पॅड बदलून घ्यायचे. बसण्याच्या पद्धतीनुसार पॅड दोन तऱ्हेचे असतात, स्क्रूचे आणि दाबून बसणारे. बाजारातून आणताना जुना पॅड सोबत न्या, वर्णन करून मिळत नाही.

आता अ‍ॅव्हिएटरचे कोड. एल ०२०५ म्हणजे सोनेरी फ्रेम, जी-१५ ही हिरवट करडी काच. ००१/५८ म्हणजे सोनेरी फ्रेम, हिरवी पोलराइज्ड काच. ००१/५१ सोनेरी फ्रेम, वरून खाली फिकट होत जाणारी तपकिरी. एल २८२३ काळी फ्रेम, जी-१५. ११२/१७ मॅट सोनेरी, निळा आरसा. पाचही एकाच फ्रेमवर बसतात, एकाच चेहऱ्याला एकाच प्रकारे बसतात. यांतला पहिला घेतलात की पुढचे चार म्हणजे त्याच साडीचे वेगळे रंग. हौस असेल तर दुसरा घ्या, पण निदान काचेचं काम तरी वेगळं असू द्या. जी-१५ असेल तर दुसरा पोलराइज्ड. काळी फ्रेम आणि सोनेरी फ्रेम असा जोड म्हणजे संग्रहच नव्हे, ते मॅचिंग झालं.

जी-१५ हे नाव खूप फेकलं जातं, म्हणून थोडं सविस्तर. जी म्हणजे ग्रीन, हिरवा. १५ म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे १५ टक्के आत येतो. गडदपणाच्या क्रमवारीत ८ ते १८ टक्के प्रकाश सोडणारी काच ३ क्रमांकात बसते. १८ ते ४३ टक्के सोडणारी २ मध्ये. ३ ते ८ टक्क्यांची ४ मध्ये. ४ क्रमांक बर्फात, उंच डोंगरात ठीक, गाडी चालवायला मात्र चालत नाही. जी-१५ने रंग फारसे बदलत नाहीत, झाडं झाडांच्याच रंगाची राहतात. तपकिरी काच ढगाळ हवेत कडा उठावदार करते. पोलराइज्ड काच रस्त्यावरची, पाण्यावरची आडवी चमक कापते. समुद्रकिनारी आणि हायवेवर तिच्याइतकं सुख नाही. पण तीच काच घालून मोबाइल आडवा धरलात तर स्क्रीन काळी पडू शकते, पेट्रोल पंपाचा आकडा गायब होऊ शकतो, गाडीच्या कडक केलेल्या काचांवर जांभळट ठिपके दिसतात. एकच पोलराइज्ड असलेल्याला हे ठिपके बघून काच बिघडली असं वाटतं. काच ठीकच असते.

क्लबमास्टरबद्दल मत जरा कठोर आहे. वर जाड भुवई, खाली बारीक तार ही घडण १९४७ची, अमेरिकेच्या शुरॉन कंपनीची. पन्नासच्या दशकात तिथले निम्मे सरकारी अधिकारी जणू असलेच चष्मे लावत. रेबॅनने ऐंशीच्या दशकात त्याचा गॉगल केला. ३०१६, मापं ४९ आणि ५१. दिसायला पाचांत सगळ्यांत देखणा. मात्र भुवईची प्लास्टिकची पट्टी धातूच्या सांगाड्यावर बसवलेली असते आणि त्या दोघांच्या फटीत घाम शिरतो. तो पुसता येत नाही, कारण फडकं आत जात नाही. पावसाळ्यानंतर त्या फटीत काळपट-हिरवी रेघ दिसली, तर दातांच्या बारीक ब्रशने काम भागतं. फार साठलं तर चष्मेवाल्याकडून पट्टी उतरवून घ्यावी लागते. तिचे स्क्रू इवलेसे असतात आणि एकदा चिरले की बदली मिळवणं कटकटीचं. आठवड्यातून एकदा संध्याकाळी घालायला उत्तम. रोज लोकलने जाणाऱ्याने आणि दुपारी सायकल चालवणाऱ्याने टाळावा. दुसऱ्या रंगाचा क्लबमास्टर कधीच घेऊ नये. देखभालीचा त्रास दुप्पट, उपयोग तेवढाच.

पर्सोल मात्र वेगळी गोष्ट आहे. १९१७ साली तुरीनमध्ये ज्युसेप्पे रत्ती यांनी ही कंपनी काढली. तिचं ६४९ मॉडेल १९५७मध्ये तुरीनच्या ट्राम चालकांसाठी बनलं. उघड्या ट्राममध्ये वाऱ्याने धूळ डोळ्यांत जायची, म्हणून काचा मोठ्या. काडीवरचा चांदीचा बाण सगळे ओळखतात, पण तिचं खरं वैशिष्ट्य दुसरं आहे. काडीच्या मध्याजवळ धातूच्या आडव्या पट्ट्या दिसतात. तिथे काडी बाहेरच्या बाजूला किंचित लवते आणि कानशिलावर दाब कमी पडतो. मोठ्या डोक्याच्या माणसाला रेबॅन तासाभरात टोचतो, पर्सोल टोचत नाही. हा फरक रंगाचा कोड बदलून मिळत नाही. म्हणून संग्रहात वेगळ्या ब्रँडचा एकच गॉगल ठेवायचा असेल तर तो हा. लांब केस असणाऱ्यांनी आधी दुकानात घालून काढून बघावा, त्या पट्ट्यांच्या खाचेत केस अडकतात.

७१४ हा ६४९चाच घडीचा भाऊ. पूल मधोमध दुमडतो, काड्या मध्यावर दुमडतात; नेहमीच्या दोन बिजागऱ्या धरून एकूण पाच सांधे. जितके सांधे तितक्या ढिलं होण्याच्या जागा. खिशात मावतो म्हणून घेतला जातो आणि दिवसातून दहा वेळा घडी घातली की वर्षाच्या आत पुलाचा सांधा खेळू लागतो. घडीचा वेफेररही याच जातीचा. यातला एखादाच घ्या आणि घडी घालण्याचा खेळ घरी पाहुण्यांसमोर करू नका.

ओकलीचा फ्रॉगस्किन्स १९८५चा. नायलॉनसारखी हलकी, ओतीव फ्रेम आणि पॉलिकार्बोनेट काच, दगड उडाला तरी सहसा फुटत नाही. दुचाकीवर, क्रिकेटच्या मैदानावर, सिंहगड चढताना हाच. ही काच मात्र खऱ्या, खनिज काचेपेक्षा मऊ, सदऱ्याच्या टोकाने कोरडी पुसली की ओरखडे. आणि याचे रंग? मोजदाद नाही. ओकलीच्या जुन्या धातूच्या मालिकेचे, ज्युलिएट वगैरेंचे चाहते जगभर आहेत. त्यांचं दुखणं म्हणजे ती मॉडेलं बंद झाली, नाकावरचे आणि कानामागचे रबर वाळून गळतात, आणि मूळ सुटे भाग दिवसेंदिवस महाग. सुटे भाग बंद झालेला गॉगल घेताना त्याची किंमत ही पहिली रक्कम समजा, शेवटची नाही.

रेबॅन, पर्सोल, ओकली ही तीन नावं वेगळी दिसतात. पर्सोल १९९५मध्ये, रेबॅन १९९९मध्ये, ओकली २००७मध्ये लक्झॉटिकाकडे गेलं. २०१८मध्ये लक्झॉटिका आणि फ्रान्सची एसिलोर एक झाल्या. म्हणजे 'आता दुसऱ्या ब्रँडचा घेतो' म्हणताना बहुतेक वेळा पैसे त्याच गल्ल्यात पडतात. फॅशनच्या मोठ्या नावांचे कित्येक गॉगलही ही कंपनी परवान्यावर बनवते. संग्रहाची विविधता मोजायचीच असेल तर नावं सोडा आणि घडण बघा : अ‍ॅसिटेट, तार, भुवई, लवती काडी, ओतीव नायलॉन. झाले पाच. सहावी घडण शोधायला निघालात तर विनाफ्रेमची आरपार भोकं पाडलेली काच उरते, आणि ती स्क्रूच्या भोकापाशी तडकते.

थोडा हिशेब. मुंबई-पुण्यात पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वर्षाला साधारण २४० दिवस गॉगल लागतो. समजा एक गॉगल ९,००० रुपयांचा आणि तो पाच वर्षं टिकवायचा. चार गॉगल असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला ६० दिवस, पाच वर्षांत ३०० दिवस. दिवसाला ३० रुपये. बारा गॉगल असतील तर प्रत्येकी वर्षाला २० दिवस, पाच वर्षांत १००. दिवसाला ९० रुपये. गुंतवलेले पैसे ३६,००० वरून १,०८,००० झाले आणि ऊन तेवढंच राहिलं.

यावर जमवणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं : वापरला नाही म्हणजे नवाच राहिला ना! इथेच गॉगल घड्याळ किंवा नाण्यांपेक्षा वेगळा पडतो. तो कप्प्यात पडून बिघडतो. अ‍ॅसिटेटमध्ये लवचिकपणासाठी घातलेला घटक हळूहळू बाहेर पडतो, फ्रेमवर पांढुरकी साय धरते, कडा आक्रसतात. खूप जुन्या फ्रेमची घट्ट बंद डबी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर अ‍ॅसिटेट विघटू लागलं आहे. ती फ्रेम बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा, कारण ती वाफ शेजारच्या फ्रेमलाही लागते. आरशाचा मुलामा कडेपासून सुटतो. काचेच्या थरांवर दमट हवेत बुरशीची जाळी धरते आणि ती पुसली तरी खूण राहते. सिलिकॉन पॅड न घालताच पिवळे होतात. म्हणून किती गॉगल ठेवावेत याची मर्यादा पाकिटापेक्षा आधी हाताला येते : महिन्यातून एकदा प्रत्येकाला दहा मिनिटं देता येतील तेवढेच. पाच गॉगल म्हणजे तासाच्या आत काम. वीस म्हणजे तीन तास वीस मिनिटं, आणि जुलैतल्या रविवारी तेवढा वेळ कोणी देत नाही.

ती दहा मिनिटं अशी. आधी नळाच्या धारेखाली धूळ जाऊ द्या, मगच बोट लावा. साबणाचा एक थेंब बोटांवर फेसून काचा, काड्या, पूल चोळा. बिजागरी आणि पॅडला मऊ ब्रश. स्वच्छ पाण्याने धुऊन सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका. काड्या उघड्या ठेवून तासभर पंख्याखाली. मग मायक्रोफायबरचं फडकं, जे धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य वापरलेलं नाही. बिजागरी कुरकुरत असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सुईच्या टोकाने सोडून जादा तेल लगेच टिपा. सॅनिटायझर आणि नेलपॉलिश रिमूव्हर अ‍ॅसिटेटच्या आसपासही नको. पहिल्याने चमक जाते, दुसऱ्याने पृष्ठभागच विरघळतो. ढिल्या स्क्रूला फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद हा सर्रास केला जाणारा घात आहे. तो वाळताना निघणारी वाफ काचेवर पांढरी धुरकट खूण उठवते, आणि पुढे स्क्रू उघडत नाही तो वेगळाच. धातूच्या फ्रेममध्ये स्क्रू काढून आट्यांना पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका, सुईने, तेवढा पुरतो.

धातूच्या फ्रेमजवळ सिलिका जेलची पुडी ठेवा. रंग बदलणारी घेतली तर ओली कधी झाली ते कळतं. अ‍ॅसिटेटच्या फ्रेम मात्र हवाबंद डब्यात कोंडू नका, त्यांना हवा खेळती लागते. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर कुठलाच गॉगल नको. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत अ‍ॅसिटेटची काडी मऊ पडून तिचा आकार जातो.

जुन्या बॉश अँड लॉम्ब काळातल्या रेबॅनची भुरळ हा खर्चाचा सगळ्यांत खोल खड्डा. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, इंटरनेटवर 'बापाच्या काळचा ओरिजिनल' म्हणून काहीही समोर येतं. पारख करायची असेल तर भिंग घेऊन जा. १९९९आधीच्या बऱ्याच गॉगलमध्ये दोन्ही काचांवर बिजागरीकडच्या कडेला बीएल ही इवली अक्षरं कोरलेली असतात. नंतरच्यांत आरबी येतं. फ्रेमवर बी अँड एल आणि काचेवर आरबी असेल तर काच बदललेली आहे किंवा सगळंच जोडून केलेलं आहे. सोन्याचा पत्रा चढवलेल्या जुन्या फ्रेमवर १/१० १२के जीएफ असा ठसा सापडतो. तो मुलाम्यापेक्षा जाड थर असतो, म्हणून त्या फ्रेम अजून पिवळ्याधमक दिसतात. उलट बाजूने, काडीवर 'मेड इन इंडिया' दिसलं की लोक खोटा म्हणून परत करतात. राजस्थानात भिवाडीला रेबॅनचा कारखाना आहे. 'मेड इन चायना'ही खरा असू शकतो. देशाच्या नावावरून निकाल लावू नका.

नवा असो की जुना, दुकानात दोन चाचण्या करा. गॉगल हातभर लांब धरा, खिडकीच्या गजांकडे एका काचेतून बघा आणि हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवा. गज लाटेसारखा हलला तर काच सदोष. तासाभरात डोकं दुखणार. दुसरी अतिनील किरणांची. ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च नोटेवर मारला की नोटेतले धागे चमकतात. मध्ये काच धरल्यावर चमक विझली पाहिजे. ३९५चा स्वस्त टॉर्च वापरला तर त्याचा थोडा जांभळा उजेड चांगल्या काचेतूनही जातो आणि उगाच संशय येतो. काच गडद पण अतिनील अडवत नसेल, तर बाहुली मोठी होते आणि जास्तच किरणं आत जातात. रस्त्यावरच्या शंभर रुपयांच्या गॉगलचा धोका हा आहे, तो खोटा असण्यात नाही. पोलराइज्ड आहे का हे मोबाइलच्या स्क्रीनसमोर फिरवून कळतं. खोट्या मालातही पोलराइज्ड काच असते, त्यामुळे त्यावरून अस्सलपणा ठरत नाही.

थांबायची वेळ आली, हे कसं ओळखायचं? नवा गॉगल घेताना 'माझ्याकडे या रंगात नाही' हे एकच कारण सांगता येत असेल, तर आली. मागच्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत न घातलेले दोन गॉगल कप्प्यात असतील, तर येऊन गेली. 'एकावर एक मोफत' योजनेतला दुसरा गॉगल निवडताना दुकानात पहिल्यापेक्षा जास्त वेळ गेला, तर तो गॉगल तुम्हाला नकोच होता. ऑफरमधले दोघे मिळून एकाच चांगल्या गॉगलचे पैसे होतात हा हिशेब दुकानदाराला तुमच्याआधी येतो. चार कामांचे चार पुरेत : रोजचा जी-१५, समुद्र-हायवेचा पोलराइज्ड, ढगाळ दिवसाचा तपकिरी, दुचाकीचा पॉलिकार्बोनेट. पाचवा निव्वळ प्रेमाचा, त्यावर कोणी बोलू नये. सहावा आणायचा तर पाचांतला एक आधी विकून ते पैसे हातात आल्यावरच, विकीन म्हणून नव्हे.

विकताना भाव फार मिळत नाही, हे धरून चाला. डबी, फडकं, बिल आणि पुस्तिका सोबत असेल तर बोलणं लवकर होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये विका. फोटो चार हवेत : समोरून, डाव्या काडीची आतली ओळ, काचेवरची कोरीव अक्षरं, आणि टेबलावर उलटा ठेवून फ्रेम सरळ असल्याचा. सगळ्यात आधी जातो तो दुप्पट झालेला अ‍ॅव्हिएटर, सगळ्यात उशिरा रंगीत आरशाचा. क्लबमास्टर असेल तर भुवईच्या पट्टीमागची फट फोटो काढण्याआधी ब्रशने साफ करा. गिऱ्हाईक फोटो मोठा करून आधी तिथेच बघतं.